विश्रांतीचं बटण

भिवंडी, ४ ऑगस्ट १९८८

प्रिय सुनीती,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस, आधी खुर्ची ओढून बस. आपल्याला काम मिळालं आहे. कॉलेजात असताना आपण वहीच्या मागच्या पानावर ज्या कंपनीची नावं काढत बसायचो, तिला नावाआधी गिऱ्हाईक मिळालं.

काम नारपोलीतल्या एका सायझिंगचं आहे. तू पडलीस पुण्याची, म्हणून सांगते. सूत लूमवर चढण्याआधी त्याला खळ पाजतात, म्हणजे विणताना धागा तुटत नाही. ही खळ एका भल्यामोठ्या भांड्यात शिजते. पाणी घ्यायचं, पीठ सोडायचं, ढवळत राहायचं, वाफ द्यायची, आणि शिजली की मशीनकडे पाठवायची. आज हे सगळं सावळाराम नावाचे एक मास्तर करतात. अकलोलीकडचे आहेत, वीस वर्षं हेच करतायत, आणि खळ झाली की नाही ते चिमटीत धरून सांगतात. मालक भाऊशेठ मला त्यांच्यासमोरच म्हणाले, "हा सावळ्या एक दिस आजारी पडला का माझी सगळी मशीन बंद. त्याची अक्कल पेटीत भरून द्या, बस, काम हो गया." सावळाराम नुसते माझ्या चपलांकडे बघत राहिले.

भाऊशेठची अट ऐक. पेटीने आठ दिवस, दोन्ही शिफ्टला, आपल्यापैकी कुणी हात न लावता खळ नीट शिजवली तर ते पेटी घेणार, आणि दुसऱ्या दोन सायझिंगनाही लावणार. नाही शिजवली तर पेटी उचलून घरी न्यायची.

आणि आता वाईट बातमी. अप्पांनी हट्टाने द्यायला लावलेल्या त्या बँकेच्या परीक्षेत मी पास झाले. नेमणूक गोंदियाला, १ नोव्हेंबरला सकाळी दहाला हजर व्हायचं. अप्पा म्हणाले, "एक तारखेपर्यंत काय खेळायचं ते खेळून घे." खेळून. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण परीक्षा मीच दिली होती.

तेव्हा तू पटापट एक मोठा प्रोग्राम लिही, चिपवर चढव आणि पाठवून दे. पेटी, तारा, व्हॉल्व्ह सगळं मी बघते. तीन महिने आहेत. गोंदियाला मी काय करू सांग, तिथं माझं कोण आहे?

तुझी,
विद्युल्लता

*

पुणे, १० ऑगस्ट १९८८

प्रिय विद्यू,

बसून वाचलं. मग उठून स्वयंपाकघरात एक फेरी मारली, परत बसले आणि परत वाचलं. आईला वाटलं माझं लग्न ठरलं.

एक मोठा प्रोग्राम मी लिहिणार नाही. रागावू नकोस, कारण ऐक. आमच्या कंपनीत बाटल्या भरायच्या मशीनचा असा एक प्रोग्राम आहे. आमच्या आधी तिघांनी तो लिहिला आणि तिघंही सोडून गेले. मागच्या महिन्यात गिऱ्हाइकाने घंटी जरा जास्त वेळ वाजायला हवी म्हटलं. आम्ही घंटी लांबवली, तर बाटल्यांना झाकणं लागायची थांबली. चार दिवस आम्ही सगळे डोक्याला हात लावून बसलो होतो.

म्हणून आपण पाच डबे करायचे. पाणी, पीठ, ढवळणं, वाफ, आणि पाचवा मुकादम. प्रत्येकाची चिप वेगळी. पाण्याला वाफेबद्दल काही माहीत नसेल. मुकादमाने सांगितलं की पाणी घ्यायचं, आणि 'झालं' एवढंच कळवायचं. ते कसं घेतलं हे बाकीच्यांनी विचारायचं नाही. कोणानंतर कोण, ते फक्त मुकादम ठरवणार. उद्या एकाचं बिनसलं तर तेवढी एक चिप काढायची आणि नवी बसवायची, बाकी चौघांची झोप मोडायची नाही. तू भिवंडीत, मी पुण्यात, मध्ये पोस्ट आणि एसटी. अशा संसाराला हीच पद्धत बरी.

आणखी दोन गोष्टी. किती पाणी, किती ताप, किती वेळ हे आकडे मी प्रोग्राममध्ये कोंडणार नाही. पॅनेलवर फिरवायचे काटे दे, म्हणजे सावळाराम स्वतः ठरवतील. अक्कल त्यांची आहे, ती त्यांच्याच हाताशी राहू दे. दुसरं म्हणजे, पेटीत चिपसाठी सहा जागा कर. सहावी कशाला म्हणून विचारशील, तर मलाही माहीत नाही. मुकादम सहाव्या जागेलाही दर वेळी 'तुझं काही?' असं विचारत राहील.

साहेबांनी जेवणाच्या सुट्टीत चिप लिहायचं मशीन वापरायला परवानगी दिली आहे. चिपच्या पाठीवर काचेची खिडकी असते, त्यातून ऊन गेलं तर लिहिलेलं पुसतं, म्हणून ती झाकावी लागते. मी आईच्या टिकल्या लावणार आहे. पाणी लाल, वाफ हिरवी, पीठ पिवळं, ढवळणं निळं, मुकादम काळा. अदलाबदल करशील तर याद राख.

तुझी,
सुनीती

*

भिवंडी, २९ ऑगस्ट १९८८

प्रिय सुनीती,

टिकल्या पोचल्या. एसटीच्या पार्सलवाल्याने डबा हलवून विचारलं, "ताई, बांगड्या क्या?" मी म्हटलं, "दिमाग है भैया, आहिस्ता."

वीस तारखेच्या शनिवारी पेटी सुरू केली. पाणी झालं, पीठ झालं, ढवळणं सुरू झालं, मी हात जोडून उभी. मग हिरवीने वाफ सोडली ती अशी की खळ भांड्यातून वर आली, काठावरून खाली आली, आणि सावकाश चालत भाऊशेठच्या ऑफिसात गेली. भाऊशेठ पाय वर घेऊन खुर्चीत बसले होते. माझी तर पाचावर धारण बसली. सावळारामांनी शांतपणे वाफेचा व्हॉल्व्ह हाताने बंद केला आणि म्हणाले, "बाई, वाफ आधी थोडी, मंग थांबायचं, मंग बाकीची. खळीला पन दम लागतो." मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलं? तर म्हणाले, "तुमी कदी ईचारलं?" खरंच विचारलं नव्हतं.

तेव्हा हिरवी बदल. दोन टप्प्यांत वाफ, मध्ये दम. बाकी चौघे शहाण्यासारखे वागले.

पाणी मोजायला मी तरंगतं बोंडूक, म्हणजे फ्लोट, वापरलंय, ते भांड्यात नाही बसवलं, कारण उकळत्या खळीत दोन दिवसांत त्याचं बारसं आणि तेरावं एकदम झालं असतं. ते गरम पाण्याच्या मोठ्या टाकीत आहे. टाकी जितकी खाली जाईल तितकं पाणी भांड्यात आलं, असा हिशेब. छान चालतंय.

काट्यांची मात्र कमाल झाली. पहिल्या दिवशी सावळाराम पेटीकडे पाठ करून उभे होते. काटे बघितले, एक फिरवला, खळ बघितली, परत फिरवला. आता दुसऱ्या कुणी काट्याला बोट लावलं तर हातावर फटका देतात. त्यांच्या फडक्याने रोज पेटी पुसतात. सुनीती, मला इतकं हलकं हलकं वाटतंय की घरी जाताना मी चालत नाही, उड्या मारते. काल ब्राह्मण आळीत वाण्याने विचारलं, पाय मुरगळलाय का.

तुझी,
विद्युल्लता

*

पुणे, ३ सप्टेंबर १९८८

प्रिय विद्यू,

नवी हिरवी सोबत आहे. सव्वा तासात लिहून झाली, बाकीच्या चौघांकडे बघावंही लागलं नाही. मी एकटीच कॅन्टीनमध्ये हसत बसले होते, तर आमच्या साहेबांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, खळीला दम लागतो. ते हळूच दुसऱ्या टेबलावर गेले.

भाऊशेठच्या ऑफिसची फरशी साफ झाली का?

तुझी,
सुनीती

*

भिवंडी, २६ सप्टेंबर १९८८

प्रिय सुनीती,

माझं डोकं फिरलं आहे. इतके दिवस पत्र नाही टाकलं, कारण रोज वाटायचं की आज सुटेल.

खळ घट्ट होते. रोज नाही, दिवसभर नाही. दिवसभर पेटी लोण्यासारखी खळ करते. पण संध्याकाळी सातच्या सुमाराची आणि सकाळी सातच्या सुमाराची, या दोन खळी अशा होतात की लाडू वळावेत. धागे एकमेकांना चिकटतात, सूत गुंडाळलेले बीमच्या बीम वाया. भाऊशेठ आधी हसले, मग गप्प झाले, आता नुसते 'हं' म्हणतात. त्या 'हं'ची मला धास्ती बसली आहे.

मी सहाला निघते आणि सकाळी नऊला येते, म्हणून प्रत्यक्ष बघावं म्हटलं. अप्पांची परवानगी काढून चार संध्याकाळी आठपर्यंत थांबले. चारही दिवस खळ पहिल्या नंबरची. पाचव्या दिवशी सहाला घरी गेले, खळ लाडू. एक दिवस पहाटे अप्पांना बरोबर घेऊन सहालाच जाऊन बसले. खळ उत्तम. अप्पा म्हणाले, "चांगलं चाललंय की." दुसऱ्या दिवशी गेले नाही, परत लाडू.

भाऊशेठनी निष्कर्ष काढला, "मशीन तुम्हाला भितं, बाई." आणि त्यांनी काय केलं माहीत आहे? नेमणुकीसाठी काढलेले माझे फोटो पर्समध्ये होते, त्यातला एक मागून घेतला आणि पेटीवर चिकटवला. वर झेंडूचा हार. सुनीती, मी जिवंतपणी हारात आहे. आणि सगळ्यात अपमानाची गोष्ट म्हणजे पहिल्या संध्याकाळी फोटोसमोर खळ चांगली झाली.

तू म्हणालीस डबे केले की चूक सापडते. मी लाल काढून परत बसवली, काळी काढून परत बसवली, सगळ्या तारा तपासल्या. हात टेकले. पस्तीस दिवस राहिलेत, आणि अप्पांनी ट्रंक रंगवायला टाकली आहे.

तुझी,
विद्यू

*

पुणे, १ ऑक्टोबर १९८८

प्रिय विद्यू,

हारातल्या तुला नमस्कार. आता जरा शांत हो.

माझ्या प्रोग्रामला तू दिसत नाहीस. त्याला डोळे नाहीत, नाक नाही, त्याला फक्त बोंडूक आणि वाफेचा ताप कळतो. तो तुला भीत नाही. मग तू असताना वेगळं काय होतं? पेटीत काही होत नाही, म्हणजे पेटीच्या बाहेर होतं. आणि ते सकाळ-संध्याकाळ सातलाच होतं, शिफ्ट बदलताना. विद्यू, सात वाजता ती माणसं काय करतात? तू नसताना काय करतात आणि तू असताना काय करत नाहीत? मला प्रोग्रामचा कागद नको, हे सांग. सावळारामांना सरळ विचार. मागच्या वेळी विचारलं नाहीस म्हणून खळ ऑफिसात गेली होती.

तुझी,
सुनीती

*

भिवंडी, ५ ऑक्टोबर १९८८

प्रिय सुनीती,

विचारलं. "सावळारामदादा, मी गेल्यावर सात वाजता इथं काय होतं?" ते कानापर्यंत लाल झाले, "काय न्हाय, काय न्हाय" म्हणत बॉयलरकडे गेले ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत परत आले नाहीत. बाकीचे सगळे एकदम कामाला लागले. इतकं काम मी त्यांना कधी करताना पाहिलं नव्हतं.

मला वाटतं ते मुद्दाम बिघडवतात. पेटी आली तर आपली गरज संपेल म्हणून. त्यांच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं, म्हणून मला धड रागही येत नाही, नुसतं रडायला येतं. फोटोचाही उपयोग संपला. काल सकाळी गेले तर माझं तोंड भिंतीकडे होतं आणि हारावर कुणाचा तरी पंचा वाळत घातला होता.

विद्यू

*

मु. नारपोली, ता. ८ ऑक्टोबर

पुन्याच्या बाईसाहेबांना सावळारामचा नमस्कार.

तुमचा पत्ता टिकल्यांच्या डब्यावर व्हता तो मी उतरून घेतला. माझी चौथी झालेली हाय, अक्षर समजून घ्या. हे पत्र आमच्या बाईंना दावू नका, तुमाला तुमच्या आईची आन हाय.

बाईंना वाटतं आमी पेटी बिघडवतो. तसं न्हाय. पेटी चांगली हाय. मना काटे लई आवडले. पन काय हाय, आमी दर शिफ्टला पंधरा जन. खोलीवर दहा दहा मानसं, नळाला अर्दा तास पानी, तेबी थेंब थेंब. म्हनून शिफ्ट सुटली का आमी टाकीच्या मागं गरम पान्याची आंगोळ करून मंगच घरी जातो. वीस वरसं हेच चाललंय. भाऊशेटच्या बापानं दिलेली सवलत हाय, भाऊशेटला कदाचित ठावं बी न्हाय.

आता दर जनी दोन बालद्या धरा. तीस बालद्या टाकीतून गेल्या का पेटीला वाटतं पानी भांड्यात गेलं. भांड्यात तर निम्मं पन न्हाय. मंग खळ घट व्हनारच. मी भांड्यात डोकावून पानी घेयाचो म्हनून माझ्या हातची कदी घट झाली न्हाय. हे मना पयल्याच आठवड्यात कळलं व्हतं. पन बायमानसाला तोंडावर कसं सांगायचं का आमी इथं उगडे आंगोळ करतो. त्या शिकलेल्या, माझ्या लेकीवानी. त्या थांबल्या का आमी पारोशेच घरी जातो. फोटू लावला त्या दिशी बी कुनाचा धीर झाला न्हाय, मंग आमच्यातल्या महादूनं तो भिंतीकडं फिरवला.

भाऊशेट म्हनले खळ सुधारली न्हाय तर पेटी काढून टाकतो. बाई रडत व्हत्या, मी पायलं. मना दोन दिस जेवन ग्वाड लागलं न्हाय. तुमी लांब हाव, तुमाला सांगायला लाज वाटत न्हाय. कायतरी करा. आंगोळ बंद करू नका.

सावळाराम

*

पुणे, १३ ऑक्टोबर १९८८

प्रिय विद्यू,

गुन्हेगार सापडला. तो कोण, कसा, कधी, हे विचारू नकोस, मला आईची शपथ घातली आहे. एवढंच सांगते की गुन्हेगार आपण दोघी आहोत. पाणी मोजायचं होतं भांड्यातलं, आणि आपण मोजलं टाकीतलं. कुणी काही बिघडवलेलं नाही. उलट तुझी काळजी करणारी माणसं आहेत तिथं.

सोबत गुलाबी टिकली आहे, ती सहाव्या जागेत बसव. मुकादम पहिल्या दिवसापासून तिथं 'तुझं काही?' विचारतो आहे, आता त्याला उत्तर मिळेल. बाकी पाचांना हात लावू नकोस, त्यांना कळणारसुद्धा नाही की घरात नवं कुणी आलंय. गुलाबीच्या तारा बाहेर काढून टाकीच्या मागच्या भिंतीवर एक बटण आणि एक हिरवा दिवा बसव. बटण दाबलं की चालू असलेलं पाणी आधी पुरं होईल, मग मुकादम पाण्याला थांबवेल आणि दिवा लागेल. दिवा लागला की टाकी मोकळी. टाकी पुन्हा भरली की दिवा विझेल आणि मोजणी तिथून पुढे. बटणावर रंगाने ठळक लिही: विश्रांती.

आणखी तीन आज्ञा. फोटो काढ. संध्याकाळी सहानंतर आणि सकाळी आठच्या आत तिथं पाऊल टाकू नकोस. आणि आठ दिवसांची परीक्षा सुरू झाली की नारपोलीच काय, भिवंडीतही राहू नकोस. गणेशपुरीला तुझी मावशी आहे ना, तिच्याकडे जा. कारण विचारू नकोस.

तुझी, हसून पोट दुखत असलेली,
सुनीती

*

भिवंडी, २० ऑक्टोबर १९८८

प्रिय सुनीती,

तुझं पत्र वाचून रागाची दोन पानं लिहिली होती, ती फाडली. आता हे वाच.

बटण बसवायला टाकीच्या मागे गेले. अडीच महिन्यांत तिथं जायचं मला काही कारण पडलं नव्हतं. तिथं एका फळीवर ओळीने सात साबणाच्या डब्या. खोबरेल तेलाची बाटली. फुटक्या आरशाचा तुकडा. टाचा घासायचा दगड. वाफेच्या नळीवर उबेला वाळत घातलेले पंधरा पंचे. मी हातात पाना घेऊन तिथं खालीच बसले आणि तोंडात ओढणी कोंबून इतकी हसले की डोळ्यांतून पाणी. मग एकदम वाईट वाटायला लागलं. म्हणजे मी थांबले त्या चारही संध्याकाळी ही माणसं बारा तास त्या वाफेत घाम गाळून तशीच पारोशी घरी गेली, आणि मी मनात म्हणत होते की माझ्या धाकाने मशीन सुधारलं.

तुझी शपथ मोडू नकोस, मला काहीच कळलेलं नाही. मी सगळ्यांना गोळा केलं आणि तोंड अगदी मास्तरणीसारखं ठेवून सांगितलं, "शिफ्ट सुटल्यावर तुम्हाला विश्रांती घ्यायची असेल तर हे बटण दाबा, दिवा लागेपर्यंत थांबा, मग घ्या." पंधरा जण छताकडे बघत होते. सावळारामांनी विचारलं, "बाई, ईश्रांती किती येळ?" मी म्हटलं, टाकी भरेपर्यंत. ते म्हणाले, "म्हंजे साबन... म्हंजे बसून घेईपर्यंत हुईल." मी म्हटलं, आरामात होईल.

भाऊशेठ म्हणाले, "बाई न्हाय तर आठ दिस पेटी कोन बघणार?" मी म्हटलं, कुणीच नाही. त्यांनी परत 'हं' केलं. शनिवारी बावीसला सुरुवात, मधल्या शुक्रवारी लाईट बंद म्हणून तो सोडून रविवारी तीसला आठ दिवस भरतात. अप्पांनी एकतीसच्या दुपारच्या गाडीचं कल्याणहून गोंदियाचं तिकीट काढून ठेवलंय. रंगवलेली ट्रंक घेऊन ते रविवारी गणेशपुरीला येणार, तिथूनच मला गाडीत बसवणार.

उद्या निघते.

विद्यू

*

गणेशपुरी, १ नोव्हेंबर १९८८, सकाळचे दहा

प्रिय सुनीती,

आत्ता दहा वाजले. तारीख एक आहे. मी मावशीच्या ओसरीवर बसून तुला लिहिते आहे आणि गोंदियाच्या बँकेत कुणीतरी माझं नाव पुकारत असेल.

आठ दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. सातच्या ठोक्याला हातातलं काम टाकून मी अंगणात येरझाऱ्या घालायची. मावशीला वाटलं माझं कुणाशी तरी जमलंय. मी एकदाही गेले नाही, निरोप पाठवला नाही, चौकशी केली नाही. दर एसटीला वाटायचं की आता कुणीतरी उतरेल आणि म्हणेल, बाई चला, खळीने घोटाळा केला. कुणी उतरलं नाही. आणि तेच जास्त भीतीचं वाटायचं, कारण पेटी काढून फेकली असती तरी कुणी उतरलं नसतं.

रविवारी अप्पा ट्रंक घेऊन आले. काल सकाळी पहिल्या गाडीच्या कंडक्टरने चिठ्ठी आणून दिली, ती अप्पांच्या हातात पडली. त्यांनी ती वाचली. मग माझ्याजवळ येऊन बसले, डोक्यावर हात ठेवला. असा हात त्यांनी मी दहावीत असताना ठेवला होता, टायफॉइड झाला तेव्हा. म्हणाले, "विद्यू, वाईट वाटून घेऊ नकोस. लोक शिकलेले नसतात, कसं बोलावं कळत नाही त्यांना. तू मेहनत केलीस हे मी बघितलंय." आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली. त्यावर लिहिलं होतं:

'आठ दिस भरले. तुमची येकदा बी गरज न्हाय लागली. सावळाराम.'

सुनीती, मी किंचाळले. मावशी पोळपाट घेऊन धावत बाहेर आली. मी अप्पांचे दोन्ही हात धरून त्यांना ओसरीवर गरागरा फिरवलं, त्यांचा चष्मा पडला, आणि ते बिचारे "पाणी आणा, हिला पाणी आणा" म्हणत होते. चिठ्ठी उलटून बघायचं त्यांना सुचलंच नव्हतं. मागे भाऊशेठच्या अक्षरात होतं: 'दुसऱ्या सायझिंगची मापं घ्यायला पुढच्या बुधवारी या. पुण्याच्या बाईंना पण आणा.'

मग अप्पांना बसवून सगळं समजावलं. डबे, टिकल्या, मुकादम, गुलाबी, सगळं. आंघोळीचंही सांगितलं, मला कुणाची शपथ नव्हती. ते हसले नाहीत. त्यांनी फक्त एकच विचारलं, तेही दोनदा. "म्हणजे आठ दिवस तू तिथं नव्हतीस, आणि कुणाचं काही अडलं नाही?" मी म्हटलं, हो. "आणि म्हणून ते तुला परत बोलावतायत?" मी म्हटलं, म्हणूनच तर.

तुला माहीत नाही, पण तहसील कचेरीतल्या दप्तराच्या कपाटांच्या किल्ल्या तीस वर्षं अप्पांच्या कमरेला आहेत. कुठली फाइल कुठे आहे हे दुसऱ्या कुणालाही माहीत नाही. माझ्या मामेभावाच्या मुंजीला ते आले नाहीत, आजीच्या शेवटच्या दुखण्यात दोनच दिवस येऊन गेले, आणि आम्ही सगळे अभिमानाने सांगायचो की अप्पांवाचून कचेरीचं पान हलत नाही.

काल ते बराच वेळ ट्रंकेवर बसून होते. दुपारची गाडी गेली असेल तेव्हा त्यांनी खिशातून माझं तिकीट काढलं, बघितलं आणि परत ठेवलं. मग म्हणाले, "माझ्यावाचून अडतं असं मला वाटायचं. अडावं असं मीच ठेवलं होतं गं." मी त्यांच्या शेजारी ट्रंकेवर बसले.

आज सकाळी ते कचेरीत जायला निघाले नाहीत. चहा झाल्यावर मावशीला विचारत होते, चार दिवस इथं राहिलो तर चालेल का.

तुझी,
विद्यू